फौजी माणसाला कंपनीत घेताना: बायोडेटा वाचण्यापासून पहिल्या सहा महिन्यांपर्यंत

चाकणच्या आमच्या प्लँटला मेंटेनन्स सुपरवायझर हवा होता तेव्हाची गोष्ट. एक रिटायर्ड हवालदार इंटरव्ह्यूला आले, वय ४१, गाव साताऱ्याच्या बाजूचं, कडक इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट आणि दिलेल्या वेळेच्या पाऊण तास आधी गेटवर हजर. बायोडेटा एका पानाचा. नाव, जन्मतारीख, 'भारतीय सेनेत २२ वर्षे सेवा', 'डिसिप्लिन्ड अँड हार्डवर्किंग', खाली सही, संपलं. पॅनेलवर माझ्यासोबत प्रॉडक्शनचे एक साहेब होते, त्यांनी विचारलं, आर्मीत नेमकं काय काम करत होता? ते ताठ बसून म्हणाले, "सर, जी ड्युटी मिळाली ती केली." साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि नंतर हळूच म्हणाले, सिक्युरिटीच्या व्हेंडरला यांचा नंबर देऊन टाकू.

तेवढ्यात चहा आला म्हणून थांबलो, आणि मी सहज विचारलं, हवालदार साहेब, शेवटची पोस्टिंग कुठे होती? लेह. ट्रेड कुठला? ईएमई, म्हणजे सैन्याच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारं दल, त्यात व्हेईकल मेकॅनिक. मग मात्र ते बोलायला लागले. फील्ड वर्कशॉपमध्ये त्यांच्या हाताखाली बारा पोरं आणि साठेक गाड्या, उणे वीसमध्ये पहाटे चारला ताफा निघणार असेल तर एकही गाडी 'ऑफ रोड' म्हणजे बंद असून चालत नाही, म्हणून रात्री पाळीपाळीने उठून इंजिनं चालू करून बघायची, कुठला पार्ट साधारण किती दिवसांनी जातो याची वही त्यांनी स्वतः बनवलेली, कारण एकदा बर्फाने रस्ता बंद झाला की पार्ट काही महिने वर येतच नाही. आता मला सांगा, प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स, स्पेअर्सचं प्लॅनिंग, बारा माणसांची टीम, ब्रेकडाउन जवळजवळ नाही, आमच्या जाहिरातीत यापेक्षा वेगळं काय मागितलं होतं? सगळं त्यांच्याकडे होतं, फक्त त्या एका पानावर नव्हतं, आणि आम्ही ते विचारायच्या आधीच त्यांना गेटवरच्या खुर्चीत बसवून मोकळे झालो होतो.

मी एचआरमध्ये आहे आणि हे मनाला लागायचं कारण घरातलं आहे. आमचे अण्णा सिग्नल्समध्ये रेडिओ ऑपरेटर होते, १७ वर्षं. बाहेर आले तेव्हा चाळिशीही झाली नव्हती, आणि त्यानंतर नऊ वर्षं ते एका बँकेच्या एटीएमच्या दारात उभे राहिले. काम प्रामाणिक होतं, त्यात कमीपणा काही नाही, पण त्या नऊ वर्षांत त्यांना वायरलेसबद्दल एकाही माणसाने एक प्रश्न विचारला नाही. म्हणून हा लेख. एचआरवाले, छोटे कारखानदार, हॉस्पिटलवाले, ट्रान्सपोर्टवाले, ज्यांना माणसं लागतात अशा सगळ्यांसाठी, आणि ज्यांच्या घरात कुणी लवकरच 'पेन्शन येणार' आहे, म्हणजे फौजेतून रिटायर होणार आहे, त्यांच्यासाठीही.

आधी हे समजून घ्या की बाहेर पडणारी ही माणसं म्हातारी नसतात. सैन्याला तरुण राहावं लागतं म्हणून शिपाई, नाईक, हवालदार हे साधारण ३५ ते ४५ या वयातच रिटायर होतात, आणि तिन्ही दलं मिळून दरवर्षी अंदाजे ६० हजार माणसं अशी बाहेर येतात. या वयात पोरं शाळा-कॉलेजात असतात, घराचं कर्ज असतं, आईवडील थकलेले असतात, त्यामुळे पेन्शन सुरू झाली तरी दुसरी नोकरी ही बहुतेकांची गरजच असते. आपल्याकडे सातारा, कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगर या पट्ट्यात तर घरटी एक फौजी असलेली गावं आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला लोक अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. या गावांतून निघालेला माणूस पुणे, चाकण, शिरवळ, गोकुळ शिरगाव अशा एमआयडीसीपासून एसटीने काही तासांच्या अंतरावर असतो, म्हणजे जो अनुभवी माणूस मिळत नाही असं आपण म्हणतो तो माणूस शेजारीच असतो.

आता सरकारी व्यवस्था, कारण कंपनीला सुरुवात कुठून करायची हेच माहीत नसतं. वरच्या बाजूला संरक्षण मंत्रालयाचा माजी सैनिक कल्याण विभाग आहे आणि त्याच्याखाली डायरेक्टरेट जनरल रिसेटलमेंट, ज्याला सगळे डीजीआर म्हणतात. रिटायर होणाऱ्यांना ट्रेनिंग देणं, कंपन्यांना माणसं सुचवणं, जॉब फेअर भरवणं हे त्यांचं काम. याशिवाय आर्मीची स्वतःची प्लेसमेंट संस्था आहे, एडब्ल्यूपीओ म्हणून, नेव्ही आणि एअर फोर्सच्याही आपापल्या आहेत. आणि तुमच्या सगळ्यात जवळचं ऑफिस म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. राज्याचा सैनिक कल्याण विभाग पुण्यात आहे आणि त्याची ऑफिसं जिल्ह्याजिल्ह्यांत, तिथे माजी सैनिकांची नोंदणी असते. माझा अनुभव असा की वीस-पंचवीस माणसांची कंपनी असेल तर दिल्लीला ईमेल करत बसण्यापेक्षा या जिल्हा ऑफिसात एकदा स्वतः जाऊन बसावं, आपल्याला काय काम करणारा माणूस हवाय ते साध्या मराठीत सांगावं, पगार सांगावा, राहायची सोय आहे का ते सांगावं. तिथली माणसं स्वतः फौजेतली असतात, त्यांना लगेच कळतं कुणाला फोन करायचा. आणि फेअरला जाणार असाल तर स्टॉलवर नुसते अर्ज गोळा करणारी मुलं पाठवू नका, ज्याला निर्णय घेता येतो असा एक माणूस तरी पाठवा.

सरकारी नोकऱ्यांचं वेगळं आहे, तिथे कायद्याने जागा राखीव आहेत. केंद्र सरकारच्या खात्यांत गट क मध्ये १० टक्के आणि जुन्या गट ड मध्ये २० टक्के. सार्वजनिक बँका आणि केंद्राच्या सरकारी कंपन्यांत हेच आकडे १४.५ आणि २४.५ टक्के, यातले ४.५ टक्के अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांसाठी आणि शहीद झालेल्यांच्या कुटुंबीयांसाठी. महाराष्ट्र सरकारच्या गट क आणि गट ड च्या भरतीत १५ टक्के, आणि हे आरक्षण समांतर असतं म्हणजे ते प्रत्येक प्रवर्गाच्या आतमध्ये लागतं, वेगळा गठ्ठा नसतो. वयाचा नियम अनेकांना अवघड वाटतो पण तो फार सोपा आहे: आजच्या वयातून सेवेची वर्षं वजा करायची आणि जे उरेल ते जाहिरातीतल्या कमाल वयापेक्षा तीन वर्षांहून जास्त नसलं पाहिजे. समजा माणूस ४१ वर्षांचा आहे आणि सेवा २२ वर्षं, तर राहिले १९. म्हणजे भरती झाला तेव्हाचं त्याचं जे वय होतं, तेच वय धरून तो परीक्षेला बसतो. दुसरं म्हणजे शिक्षण. दहावी झालेल्या माणसाची १५ वर्षं सेवा झाली असेल तर केंद्राच्या गट क मधल्या ज्या पदांना नुसती पदवी लागते, तांत्रिक किंवा व्यावसायिक अनुभव लागत नाही, तिथे तो पात्र धरला जातो. हे अर्ध्या लोकांना ठाऊकच नसतं, 'मी दहावीच आहे' म्हणून ते फॉर्मच भरत नाहीत.

एक खाचखळगा मात्र नीट बघा. केंद्र सरकारच्या एका नागरी नोकरीत माजी सैनिक कोट्यातून एकदा रुजू झालं की पुढच्या नोकरीसाठी तो कोटा संपतो. अपवाद असा की रुजू व्हायच्या आधीच ज्या दुसऱ्या पदांसाठी अर्ज केलेत त्यांची यादी रुजू होताना लिहून दिली असेल तर त्या अर्जांपुरता फायदा टिकतो. आमच्या नात्यातल्या एकाने पहिल्याच मिळालेल्या छोट्या पदावर घाईने सही केली, यादी काही दिली नाही आणि दोन महिन्यांनी चांगल्या पदाचा निकाल लागला तेव्हा हात चोळत बसायची वेळ आली. एका कागदाचं काम होतं.

बरं, एवढ्या राखीव जागा असून चित्र काय आहे? ३० जून २०२१ पर्यंतचे डीजीआरकडचे आकडे पेपरात आले होते, त्यात केंद्राच्या ३४ खात्यांत गट क मधले माजी सैनिक होते फक्त १.२९ टक्के. १० टक्के जागा राखीव, भरलेले सव्वा टक्का. सार्वजनिक बँकांत मात्र गट क मध्ये ९.१० टक्के आणि गट ड मध्ये २१.३४ टक्के. हा फरक का, याचा मी बराच विचार केलाय. बँकांना फौजी माणसाची सवय आहे, शाखा जिल्ह्याजिल्ह्यांत असतात म्हणून गावाजवळ पोस्टिंग मिळायची आशा असते, आणि एकाने घेतलं की तो दुसऱ्याला फॉर्म भरायला लावतो. बाकी ठिकाणी जाहिरात कधी आली तेच कळत नाही, परीक्षा विशीतल्या पोरांच्या बरोबरीने, कॉम्प्युटरवर, गणित-रीझनिंगची, आणि सतरा-अठरा वर्षं बॉर्डरवर काढलेल्या माणसाला तो सराव कोण देणार? जागा रिकामी राहिली की ती दुसऱ्या उमेदवाराला जाते. म्हणजे कोटा कागदावर असणं आणि माणूस खुर्चीत बसणं यामध्ये मोठं अंतर आहे, आणि ते तयारीचं, माहितीचं अंतर आहे.

खाजगी कंपनीला कोट्याचं बंधन नाही, तिथे सगळा खेळ वाचण्याचा आहे. म्हणजे समोरच्या माणसाने काय काम केलंय ते तुम्हाला वाचता यायला पाहिजे. फौजी माणूस स्वतःबद्दल बोलत नाही, त्याला 'मी केलं' म्हणायची सवयच नसते, तो 'आमच्या युनिटने केलं' म्हणतो. शिवाय त्याची भाषा वेगळी, तुमची वेगळी. रँकचं थोडं सांगते. नाईक किंवा हवालदार म्हणजे साधारण दहा जणांच्या सेक्शनचा प्रमुख, त्यांचं जेवण, रजा, हत्यारं, भांडणं सगळं बघणारा, म्हणजे आपला लाइन लीडर किंवा सुपरवायझर. नायब सुभेदार, सुभेदार म्हणजे तीसेक माणसांची प्लाटून सांभाळलेला, आपल्याकडे शिफ्ट इन्चार्ज किंवा असिस्टंट मॅनेजर. सुभेदार मेजर म्हणजे अख्ख्या बटालियनच्या जवानांचा थोरला भाऊ, सीओ साहेब म्हणजे बटालियनचे प्रमुख अधिकारीसुद्धा त्यांचा सल्ला घेतात. असा माणूस तुमच्याकडे सुपरवायझर म्हणून अर्ज करतो तेव्हा त्याने किती माणसं सांभाळलीत ते आधी विचारा.

आणि ट्रेड बघा, रँकच्याही आधी ट्रेड. सगळेच बंदूक घेऊन उभे नसतात. स्टोअरकीपर टेक्निकल म्हणजे हजारो पार्टांचा हिशेब ठेवलेला माणूस, तुमच्या वेअरहाउसला तोच हवाय. क्लार्कने पगार, रजा, पेन्शनची कागदपत्रं केलेली असतात. नर्सिंग असिस्टंट हा हॉस्पिटलसाठी सोनं आहे. सिग्नल्सवाला टेलिकॉममध्ये चालतो, इंजिनिअर्सवाल्याने पूल बांधलेत, रस्ते केलेत. ड्रायव्हरने घाटात, बर्फात, रात्री दिवे न लावता कॉन्व्हॉय चालवलाय, त्याला फक्त सैन्याच्या लायसन्सवरून आरटीओतून सिव्हिल लायसन्स करून घ्यावं लागतं, तेवढी दोन दिवसांची रजा आणि फी कंपनीने दिली तर काय बिघडतं. सैन्यातला कुठला ट्रेड बाहेरच्या कुठल्या कामाच्या बरोबरीचा याची यादी डीजीआरनेच काढलेली आहे. एचआरने ती एकदा शांतपणे वाचावी, तासाभराचं काम आहे.

डिस्चार्ज बुकही वाचायला शिका. ते लहानसं पुस्तक म्हणजे त्या माणसाची सगळी नोकरी. त्यात ट्रेड असतो, केलेले कोर्स असतात, मेडिकल कॅटेगरी असते, आणि कॅरेक्टरचा शेरा असतो. 'एक्झम्प्लरी' लिहिलं असेल तर तो सगळ्यात वरचा शेरा आहे, त्याखाली 'व्हेरी गुड'. बाहेर पडण्याचं कारणही लिहिलेलं असतं, बहुतेकांचं 'टर्म पूर्ण झाली' असं. काहींचं 'स्वतःच्या विनंतीवरून, घरगुती कारणाने' असं असतं आणि ते बघून काही एचआरवाले नाक मुरडतात. असं करू नका हो. वडील वारले, शेती बघायला कुणी नाही, पोरगी आजारी, अशी कारणं असतात ती. विचारा, सांगतील.

जाहिरात कशी लिहायची हेही सांगते, कारण आमची चूक तिथेच होती. 'डिप्लोमा इन मेकॅनिकल, ५ वर्षे इंडस्ट्रीचा अनुभव' असं लिहिलं की फौजी माणूस पुढे वाचतच नाही, त्याचा अनुभव इंडस्ट्रीचा नाही ना. आता आम्ही खाली एक ओळ घालतो: 'ईएमई, ऑर्डनन्स, इंजिनिअर्स, नेव्ही-एअर फोर्स टेक्निकल ट्रेडच्या माजी सैनिकांनी अर्ज करावा, सेवेची वर्षे अनुभव म्हणून धरली जातील'. एवढ्या एका ओळीने अर्ज यायला लागले. इंटरव्ह्यूतही 'स्वतःबद्दल सांगा' हा प्रश्न काढून टाकला, त्याच्याऐवजी विचारतो, शेवटच्या पोस्टिंगला सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय करायचा ते सांगा, तुमच्याकडे किती माणसं, किती सामान, काय बिघडलं होतं आणि मग काय केलंत. बघा कसं बोलतात ते.

आता पगार. हा भाग मला सगळ्यात जास्त टोचतो. 'त्यांना पेन्शन असते ना, मग कमी पगारात येतील' हे वाक्य मी किती मीटिंगमध्ये ऐकलंय त्याला गणती नाही. अहो, पेन्शन ही त्याने आधी केलेल्या कामाची आहे, तुमच्याकडे करणार त्या कामाचा पगार तुम्ही द्यायचा. सरकारसुद्धा अधिकाऱ्यांच्या खालच्या रँकच्या माजी सैनिकाला परत नोकरीत घेताना पगार ठरवण्यासाठी त्याची पेन्शन हिशेबात धरत नाही. मग आपण कोण? शेजारच्या मशीनवरच्या माणसाला जो पगार तोच त्याला. त्याच्याकडे ईसीएचएसचं कार्ड आहे, माजी सैनिकांसाठीची २००३ पासूनची ही आरोग्य योजना आहे, त्यात त्याचे आणि बायकोचे उपचार होतात, त्यामुळे मेडिकलची थोडी काळजी कमी असते हे खरं, पण म्हणून कंपनीने आपली मेडिक्लेम पॉलिसी त्याला नाकारायची नसते.

सिक्युरिटीबद्दल थोडं, कारण सगळ्यात जास्त फौजी तिथेच जातात. डीजीआरच्या यादीतल्या सिक्युरिटी एजन्सी माजी अधिकाऱ्यांच्या असतात आणि त्यांनी ९० टक्के गार्ड माजी सैनिकच ठेवायचे असा नियम आहे. महाराष्ट्रात माजी सैनिक महामंडळ, ज्याला मेस्को म्हणतात, तेही गार्ड पुरवतं. गार्ड हवाच असेल तर अशा मार्गाने घ्या, वेतन नीट मिळतं का ते विचारा, बसायला खुर्ची, पंखा, पावसात छप्पर, संडासची सोय, एवढं बघा. आणि वर्षभरात एकदा त्या गेटवरच्या माणसाला विचारा की तुमचा ट्रेड काय होता. आमच्याकडे असं विचारल्यावर गेटवरचा एक जण स्टोअरमध्ये गेला, आर्मी ऑर्डनन्सचा, म्हणजे सैन्याचं सामान सांभाळणाऱ्या खात्याचा माणूस होता तो, दोन वर्षं आमच्या गेटवर उभा होता आणि आम्ही बाहेर स्टोअरकीपर शोधत होतो.

अधिकाऱ्यांचा प्रवास वेगळा असतो. शॉर्ट सर्व्हिस कमिशनवाले दहा किंवा चौदा वर्षांनी बाहेर पडतात, त्यात बायकाही असतात, आणि त्यांना पेन्शन नसते. आयआयएममध्ये डीजीआरमार्फत सहा महिन्यांचे कोर्स असतात, फीचा बराचसा भार डीजीआर उचलतं. यांना कंपन्या तशाही शोधतात, ऑपरेशन्स, लॉजिस्टिक्स, ॲडमिन अशा जागांवर घेतात. ॲमेझॉनने भारतात ऑगस्ट २०१९ मध्ये माजी सैनिकांसाठी वेगळा भरती कार्यक्रम सुरू केला, असे आणखीही आहेत. माझं लक्ष जास्त जवानांकडे आहे कारण त्यांच्यासाठी बोलणारं कुणी नसतं.

रिटायर होण्याआधी जवानांनाही रिसेटलमेंटचे कोर्स मिळतात. आणि मुख्य म्हणजे बाहेर पडायची तारीख कितीतरी आधी ठरलेली असते, त्यामुळे कंपनी सहा महिने आधीच बोलणी करू शकते, हे आपण करतच नाही. अमेरिकेत स्किलब्रिज म्हणून प्रकार आहे, सेवेच्या शेवटच्या १८० दिवसांपर्यंत सैनिक एखाद्या कंपनीत जाऊन काम शिकतो आणि त्याचा पगार सैन्यच देतं. आपल्याकडे तसं नसलं तरी रजेवर गावी आलेल्या माणसाला प्लँट दाखवायला बोलवायला कोण अडवतंय?

घेतलं, आता पुढे? माझ्या मते खरं काम इथून सुरू होतं आणि बहुतेक कंपन्या इथेच कमी पडतात. पहिले सहा महिने अवघड असतात. तिकडे कुणाचं ऐकायचं, कुणाला सांगायचं हे स्पष्ट असतं, इथे एका माणसाला तीन बॉस, एक सांगतो हे कर, दुसरा सांगतो आधी ते कर, तिसरा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर अंगठा टाकतो. आमच्या हवालदार साहेबांनी पहिल्या आठवड्यात मला येऊन विचारलं, "मॅडम, रिपोर्ट कुणाला करायचा ते एकदा लिहून द्या." मी एका कागदावर लिहून दिलं, तो कागद अजून त्यांच्या लॉकरच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे. तुम्हीही लिहून द्या. काम काय, कधीपर्यंत, अडलं तर कुणाकडे जायचं. आणि मीटिंगमध्ये 'बघू, करू' याचा अर्थ बऱ्याचदा 'नाही' असा असतो हे त्यांना कुणीतरी प्रेमाने सांगायला लागतं, कारण ते खरंच वाट बघत बसतात.

त्यासाठी बडी, म्हणजे जोडीदार द्या. आर्मीत प्रत्येकाला बडी असतो, हा शब्द त्यांना आपला वाटतो. कंपनीत आधीपासून कुणी फौजी असेल तर तोच, नसेल तर एखादा समजूतदार सीनियर. ईमेल कसा लिहायचा, रजा सिस्टिममध्ये कशी टाकायची, पीएफचा फॉर्म, टार्गेटवर चर्चा कशी करायची, या बारीकसारीक गोष्टी चाळिशीतला माणूस पंचविशीच्या एचआरला विचारायला लाजतो. बडीला विचारतो. तिकडे वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि त्याशिवाय कॅज्युअल मिळत होती, इथे सगळं मिळून महिनाभरही होत नाही, हे पहिल्याच दिवशी समोर बसवून सांगा, नंतर धक्का बसतो.

दुसऱ्या बाजूचा त्रासही लक्षात घ्या. प्लँटमधली तरुण पोरं त्यांना 'ओ मेजर' म्हणून हाक मारतात, रँक कुठलीही असो, त्यात प्रेम असतं, चालतं. पण 'सीमेवर किती जणांना मारलं?' असं विचारणारेही भेटतात, जेवणाच्या टेबलावर. हा प्रश्न विचारायचा नाही, हे आम्ही आता नव्या सुपरवायझरांच्या ट्रेनिंगमध्ये स्पष्ट सांगतो. त्यांना सांगायचं असेल तर ते सांगतील. तोफखान्यात असलेल्या काहींना ऐकू कमी येतं, काहींच्या गुडघ्याला, पाठीला त्रास असतो, रात्री झोप लागत नाही असेही असतात, आणि ते स्वतःहून बोलणार नाहीत कारण आयुष्यभर 'ठीक आहे सर' म्हणायची सवय. कंपनीच्या डॉक्टरांशी एकट्यात, कागदावर शेरा न येता बोलता येईल अशी सोय ठेवा. मोठं अपंगत्व आलेल्या सैनिकांसाठी खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, १९१७ मध्ये सुरू झालेली, तिथे त्यांना नवं काम शिकवतात. पुण्या-चिंचवडच्या कारखानदारांनी तिथे एकदा जाऊन बघावं असं मला फार वाटतं.

आणि घर. हा माणूस पंधरा-वीस वर्षं बायकोपोरांपासून लांब राहिलाय. आता साताऱ्यात घर बांधलंय आणि तुम्ही त्याला चाकणला खोली घेऊन राहायला लावलंत, महिन्यातून एकदा घरी, तर त्याच्या घरच्यांच्या दृष्टीने तो अजून पोस्टिंगवरच आहे. आमच्याकडे चांगली माणसं सोडून गेली ती बहुतेक याच कारणाने, पगारामुळे नाही. शनिवार-रविवार जोडून सुट्टी, शिफ्ट आधी महिनाभराची कळवणं, पोरांच्या शाळेच्या ॲडमिशनला मदत, बायकोला काम हवं असेल तर तिचाही अर्ज बघणं, यातलं जे जमेल ते करा. माणूस टिकतो.

अग्निवीरांचा विषय आता आलाच. जून २०२२ मध्ये योजना जाहीर झाली, चार वर्षं सेवा, त्यातले २५ टक्क्यांपर्यंत कायम होणार, बाकीचे सेवा निधीचे, म्हणजे शेवटी एकरकमी मिळणारे, साधारण ११.७१ लाख घेऊन बाहेर. पहिली ट्रेनिंगं २०२२ च्या अखेरीला आणि २०२३ च्या सुरुवातीला सुरू झाली, म्हणजे पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून भरायला लागतात. ही पोरं विशीतलीच असणार, त्यांना पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, माजी सैनिकांचा कोटाही नाही, केंद्रीय पोलीस दलांत मात्र त्यांच्यासाठी वेगळं आरक्षण आहे. त्यांना हवालदारासारखं सुपरवायझर म्हणून बघू नका आणि फ्रेशरही समजू नका. अप्रेंटिसशिप, ज्युनिअर टेक्निशियन, आणि सोबत डिप्लोमा पूर्ण करायला वेळ, असं काहीतरी त्यांना लागेल. सातारा-कोल्हापूरकडच्या कंपन्यांनी आतापासून जिल्हा सैनिक कार्यालयाशी बोलून ठेवावं, एकदम अर्ज यायला लागल्यावर धावपळ नको.

आमचे हवालदार साहेब आता चौथ्या वर्षात आहेत. लेहसारखीच वही त्यांनी इथे बनवली, कॉम्प्रेसरचा बेल्ट कधी बदलला, कुठल्या मोटरचं बेअरिंग आवाज करतंय, सगळं त्यात तारखेसकट, आणि ते बारीक अक्षर आमच्या सिस्टिममध्ये टाकायला त्यांच्याकडे आता एक ट्रेनी मुलगी आहे, दोघांचं छान जमतं. मागच्या आठवड्यात त्यांच्याच ओळखीच्या एकाचा बायोडेटा आलाय, सिग्नल्समधला, कोरेगाव तालुक्यातला, पुढच्या मार्चमध्ये पेन्शन येणार आहे. एकच पान आहे, 'दिलेली ड्युटी केली' एवढंच. तो सध्या रजेवर घरी आहे, रविवारी सकाळी अकराला मी आणि हवालदार साहेब त्याला फोन लावून बसणार आहोत, वही-पेन घेऊन.